देवाच्या आधी एक चमचा

वरचा मजला रिकामा पडलाय, एवढंच मी जेवताना म्हणालो होतो. त्यात कुणाला आमंत्रण नव्हतं की कसली सूचना नव्हती. भाडेकरू गेल्यापासून वर धूळ साचतेय, नळ गंजतायत, तेव्हा कुणीतरी अधूनमधून झाडू फिरवावा, इतकाच त्या वाक्याचा अर्थ होता. पण माझी वाक्यं आमच्या घरात सहसा कुणी ऐकत नाही, आणि ऐकलीच तर नको ती ऐकतात.

"मग माताजींना विचारू का?" ताई म्हणाली.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. मुलाचं घर सोडून आमच्याकडे राहायला आल्यापासून तिने आपणहून काही मागितलं नव्हतं. वाढलं ते खायची, दिलेल्या खोलीत राहायची आणि संध्याकाळी जपाची पिशवी गळ्यात अडकवून आपल्या मंडळात जायची. त्यामुळे तिचा प्रश्न ऐकून मला बरंच वाटलं. "विचार की," मी म्हणालो.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी नोकरीभर वजनमापं तपासली. किराणा दुकानातला तराजू, दूधवाल्याचं माप, वखारीतला मोठा काटा, स्वतः तपासल्याशिवाय मी कधी शिक्का मारला नाही. दुकानदार चहा पुढे करायचे, खुर्ची पुसून द्यायचे, पण आपण आधी वजन टाकून बघणार. असल्या माणसाने "विचार की" म्हणताना मागचंपुढचं काहीच कसं तपासलं नाही, हे बायको मला अजूनही ऐकवते.

ताईचं मंडळ म्हणजे कृष्णाची उपासना करणाऱ्या बायकांचं होतं. लांबलांबच्या बायका तिथे यायच्या, काही दिवस एकत्र राहायच्या, जप, पाठ आणि देवाची सेवा शिकायच्या आणि परत आपापल्या संसाराला लागायच्या. त्यांची आधीची जागा मालकाने परत मागितली होती. ताईने विचारलं आणि त्याच आठवड्यात माताजी जागा बघायला आल्या. माताजी म्हटल्यावर मी मनाशी एक भारदस्त मूर्ती धरली होती. आल्या त्या किरकोळ अंगाच्या बाई, जाड भिंगाचा चष्मा आणि पायात पळायचे बूट. त्यांनी वरचा मजला पाहिला, खिडक्या उघडल्या, मिटल्या, आणि मला म्हणाल्या, "जागा छान आहे. तुमचं मन मोठं आहे." असं तोंडावर म्हटल्यावर माणूस काय करणार? मी मन मोठं केलं.

आता खरी मजा सुरू झाली. आमच्या शेजारी एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांनी आयुष्यात धरणं बांधली असं ते सांगतात, आणि मला ते खरं वाटतं, कारण त्यांनी बोलायला सुरुवात केली की अडवणं अवघड जातं. कुंपणापाशी उभे राहून ते म्हणाले, "बायका राहणार म्हणजे वर आणखी एक न्हाणीघर हवं. न्हाणीघर म्हणजे पाणी, पाणी म्हणजे टाकी, टाकी म्हणजे वजन. तुमचा स्लॅब झेपेल का?" मला स्लॅबची काळजी तोपर्यंत कधी वाटली नव्हती. त्या दिवसापासून मी जेवताना वर बघून जेवायला लागलो.

प्लंबर आला. त्याने भिंत फोडली आणि जो पाइप तिथे नाही असं तो शपथेवर सांगत होता, तोच नेमका फोडला. पाणी आमच्या झोपायच्या खोलीत उतरलं, थेट माझ्या उशीवर. मी पलंग हलवला तर पाण्याने जागा बदलली. शेवटी मी पुढच्या खोलीतल्या बाकावर झोपायला लागलो. बायको म्हणाली, "त्यागाची सुरुवात घरातूनच होते म्हणायची." तिला अशा वेळी फार शांतपणे बोलता येतं.

मी हौसेने वर लोखंडी पलंग चढवून घेतले. जिना अरुंद, पलंग रुंद. एक पलंग जिन्याच्या वळणावर असा अडकला की वरचे वर आणि खालचे खाली राहिले, आणि इंजिनिअरांनी खालून मार्गदर्शन केल्यावर तो आणखी घट्ट बसला. शेवटी तो कापून काढला. उरलेले वर पोचले तेव्हा माताजी म्हणाल्या, "अहो, पण आम्ही जमिनीवर चटया घालून झोपतो." पलंग खाली आले. ते अजून आमच्या मागच्या व्हरांड्यात उभे आहेत आणि त्यांच्यावर कपडे वाळतात.

मग नियम आले. केंद्र बायकांचं, तेव्हा शिबिर चालू असताना पुरुषांनी जिन्याच्या वळणापर्यंतच यायचं. तिथे एक घंटा टांगली गेली. ती वाजवायची, काम सांगायचं आणि थांबायचं. नियम रास्त होता. पण घराची फ्यूजची पेटी कुठल्या शहाण्याने कोण जाणे, वरच्या स्वयंपाकघरात बसवली होती. फ्यूज गेला की माझ्याच घरातल्या माझ्याच विजेसाठी मी जिन्यात उभा राहून घंटा वाजवायचो. वरून कुणीतरी डोकावून म्हणायचं, "थांबा हं, पाठ चाललाय." मी थांबायचो. एकेकाळी मी दुकानात शिरलो की दुकानदारांचे धाबे दणाणायचे.

तेवढ्यात नगरपालिकेच्या कचेरीतून निरोप आला. वर चाललंय ते वसतिगृह, शिकवणी की प्रार्थनास्थळ? तिन्हींचे नियम वेगळे, खिडक्या वेगळ्या आणि खिडकीमागचे लोक जेवायला जायच्या वेळाही वेगळ्या. मी जिथे जाई तिथे कळे की हे काम शेजारच्या खिडकीचं. शेवटी एक साहेब प्रत्यक्ष पाहणीला आले, आणि आले ते नेमके दुपारी.

दुपारी देव झोपतो. म्हणजे सकाळी त्याला उठवतात, न्हाऊमाखू घालतात, माध्यान्हीला नैवेद्य दाखवतात आणि मग पडदा ओढून विश्रांतीला सोडतात. त्या वेळात वरच्या मजल्यावर सगळे कुजबुजत बोलतात. साहेब वळणापर्यंत आले आणि दरडावून म्हणाले, "इथे जबाबदार व्यक्ती कोण?" तशी वर मदतीला गेलेली माझी बायको पदराने हात पुसत पुढे आली आणि ओठांवर बोट ठेवून हळूच म्हणाली, "देव झोपलाय." एखाद्या घरात तान्हं मूल झोपलं असावं, तसाच तिचा सूर होता. साहेबांनी दचकून आवाज खाली आणला. त्यांना खास परवानगीने वर नेलं. मी स्वतः त्या पेशातला असल्यामुळे जिन्यातून कान देऊन ऐकत होतो, आणि त्यांची मला दया आली. कुजबुजत जाब विचारता येत नाही. "आग लागली तर बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठला?" हे वाक्य कुजबुजून म्हटलं की गुपित सांगितल्यासारखं वाटतं. बायकोनेही तितक्याच हळू आवाजात गच्चीचा मागचा जिना दाखवला. साहेब पाय न वाजवता खाली आले, फाटकापाशी जाऊन खाकरले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे." परवानगी मिळाली.

इतका वेळ मी हसून सांगतोय, कारण त्या दिवसांत मी आतून खूश होतो. ताई बदलली होती. पूर्वी ती जिना चढताना कठड्याला धरून चढायची, आता पातेली घेऊन चढत होती. शिबिराला आलेल्यांत एक नर्स होती, एक शाळेतली मास्तरीण होती, एक नुकतीच सासूबाई झालेली बाई होती. त्या सगळ्या तिला काहीतरी विचारायच्या आणि ती सांगायची. मुख्य म्हणजे माताजींनी तिला देवाच्या स्वयंपाकाला उभं केलं होतं. शेवटच्या दिवशी नैवेद्य पूर्णपणे तिच्या हातचा व्हायचा होता, आणि तो पाहून केंद्राचं स्वयंपाकघर कायमचं कुणाकडे द्यायचं हे ठरणार होतं.

माझी काळजी सुरू झाली ती इथे. कारण जे मला ठाऊक होतं ते वर कुणालाच ठाऊक नव्हतं. एका मोठ्या तापानंतर ताईला वास येईनासा झाला होता आणि पाठोपाठ चवही गेली. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू, पण ती आली नाही. मुलाच्या घरी तिने एकदोनदा मीठ दोनदा घातलं, एकदा दूध करपलं ते तिला कळलं नाही. सून काही वाईट नाही. ती एक शब्द लागेलसं बोलली नाही. तिने नुसतं "आई, तुम्ही बसा" म्हटलं आणि त्यानंतर रोज म्हटलं. बसून बसून ताई आमच्याकडे आली. आमच्याकडेही माझी बायको तिला भाजी निवडायला द्यायची, पण फोडणीला नाही. हे सगळं आम्ही प्रेमानेच करत होतो.

एकदा मी ताईला आडून विचारलं होतं, "वर तुला मिठाचा अंदाज कसा येतो?"

ती म्हणाली, "तिथे कुणीच चाखत नाही रे. देवासाठी रांधायचं तर त्याच्या आधी चाखायचं नाही, वाससुद्धा मुद्दाम घ्यायचा नाही. मास्तरीणबाई पण अंदाजाने घालतात, मी पण अंदाजाने घालते." आणि ती हसली. "इतक्या बायकांत मी पहिल्यांदा सगळ्यांसारखी आहे."

हे ऐकून मी निर्धास्त व्हायला हवं होतं. पण जन्मभर काटे तपासलेला माणूस अंदाज या शब्दावर झोपू शकत नाही. शेवटचा दिवस जवळ आला तशी माझ्या डोळ्यांपुढे ती डाळ येऊ लागली. सगळ्या बायका पानावर बसल्यात, माताजींनी पहिला घास घेतलाय, आणि त्यांचं तोंड खारट झालंय. मग कुणीतरी मायेने म्हणणार, "तुम्ही बसा."

त्या सकाळी फ्यूज गेला. खरंच गेला, मी काही केलं नव्हतं. मी घंटा वाजवली. बाकी सगळ्या समोरच्या खोलीत माताजींचं ऐकायला बसल्या होत्या. ताईने वरून पाहिलं आणि म्हणाली, "ये, नीट करून जा पटकन. मी गच्चीवरून तुळशी घेऊन येते." मी स्वयंपाकघरात गेलो. तार बदलली, दिवा लागला. माझं काम तिथे संपलं होतं.

ओट्यावर डाळ होती, भाजी होती, भात वाफेवर झाकलेला होता. भांडी घासूनपुसून अशी मांडलेली, की मला आमच्या आईचा ओटा आठवला. डाळीवरचं झाकण जरासं सरकलेलं होतं. मी मनाशी म्हणालो, एक चमचा. खारट असेल तर ताईला आत्ताच सांगता येईल, पाणी वाढवता येईल. देव तर सगळं जाणतो, त्यालाही माझा हेतू कळेल. अशी बरीच सोय मनाशी करून घेऊन मी चमचा बुडवला, फुंकर मारली आणि तोंडात घातला.

डाळ उत्तम होती. मीठ अगदी बरोबर. काटा मध्यावर थांबावा तसं. मला इतका आनंद झाला की मी चमचा चाटला. वळलो तर ताई दारात उभी होती, तुळशीची पानं हातात.

तिने चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चाखलीस?"

"ताई, फक्कड झालीय," मी म्हणालो. "मीठ एकदम..."

"मी तुला मीठ विचारलं नाही," ती म्हणाली. आवाज तोच, दुपारचा, देव झोपलेला असतानाचा. "तिकडे मला बसवायच्या आधी सून रोज माझ्या मागून येऊन चाखायची. मला दिसायचं. तुझी बायको तर फोडणीला उभंच करत नाही, ते पण दिसतं. ही एकच चूल होती जिथे माझ्यामागे कुणी चमचा घेऊन उभं नव्हतं. तू तिथेही आलास."

मी चमचा ओट्यावर ठेवला. जिभेवर डाळीची चव तशीच होती.

आता ती डाळ देवाची राहिली नव्हती. एकदा कुणी तोंड लावलं की ती माणसाची. आणि फक्कड म्हणताना तो चमचा मी तिन्ही पातेल्यांच्या वर हलवला होता, त्यामुळे भात आणि भाजीही गेली असं ताईने ठरवलं. तिने सगळी पातेली माझ्या हातात दिली. मी ती एकेक करून खाली नेली. इंजिनिअर कुंपणापाशी होतेच. त्यांनी वास घेतला, घरून ताट आणलं आणि उभ्या उभ्या जेवले. "कुणी केलंय हो? अप्रतिम," ते म्हणाले आणि स्लॅबबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांना वाढत होतो आणि वरून पुन्हा तांदूळ धुतल्याचा आवाज येत होता.

नैवेद्याची वेळ काही माझ्यासाठी पुढे ढकलली जाणार नव्हती. ताईने एकटीने सगळं पुन्हा रांधलं. पडदा ओढला गेला, घंटी वाजली, सगळं शांत झालं. मग पडदा उघडला आणि पंगत बसली. माझं ताट नियमाप्रमाणे जिन्याच्या वळणावर आलं. वाढणाऱ्या नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही, म्हणजे बातमी पसरली होती.

मी डाळभात कालवला आणि घास घेतला. मीठच नव्हतं. कमी नाही, मुळीच नव्हतं. घाईत, मन ठिकाणावर नसताना, ताई मीठ घालायलाच विसरली होती, आणि तिचं मन ठिकाणावर का नव्हतं हे मला सांगायला कुणाची गरज नव्हती. वरच्या पंगतीतून काही आवाज येत नव्हता. सगळ्या जणी जेवत होत्या. कुणी "जरा मीठ" म्हटलं नाही. त्या शांततेतला मायाळूपणा मला ओळखीचा होता. मुलाच्या घरातही असंच शांत असायचं.

ताई जिन्याशी आली. माझ्या वरच्या पायरीवर बसली. "कुणी काही बोलत नाहीये," ती म्हणाली. "सगळ्या भराभर पाणी पितायत. कसं झालंय?"

माझ्यापुढे दोन वाटा होत्या आणि दोन्ही वाईट दिसत होत्या. छान झालंय म्हणालो असतो तर ती आत जाऊन निवांत बसली असती. पण सकाळी मी तिच्या पाठीमागे खरं शोधायला गेलो होतो, आता तोंडावर खोटं बोललो असतो तर माझ्यासारखा हलकट मीच.

"मीठ नाही," मी म्हणालो. "कशातच नाही."

तिने मान हलवली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. पदर तोंडाला लावून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. "सांगितलंस," ती म्हणाली. "इतक्या दिवसांत कुणीतरी सरळ सांगितलं मला." मग ती उठली, पंगतीत गेली, आणि मला वळणावर ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "जेवणात मीठ नाही. मला चव कळत नाही. वास पण येत नाही. तापानंतर गेलं ते आलंच नाही. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

मी घास हातात धरून बसलो होतो.

"का नाही सांगितलंत?" माताजींचा आवाज आला.

"सांगितलं की हातातली पळी काढून घेतात," ताई म्हणाली.

मग चमचा ठेवल्याचा आवाज झाला. "हे बघा," माताजी म्हणाल्या, "देवाने पडद्यामागून काही निरोप पाठवलेला नाही. त्याला चाललं. आपल्याला अळणी लागतंय तर आपण मीठ घेऊ या, आता घ्यायला हरकत नाही. आणि स्वयंपाकघराचं म्हणाल, तर तिथे चाखायला मनाईच आहे. ज्यांना चव कळते त्यांना ती मनाई पाळताना किती जड जातं, ते आज सगळ्यांनी पाहिलंय." हे म्हणताना त्या जिन्याकडे बघत असणार, कारण नंतर बराच वेळ वर हसणं चाललं होतं. मला राग आला नाही. मिठाची वाटी वळणापर्यंत आली तेव्हा तर मी चांगलं दोन वेळा मीठ घेतलं.

स्वयंपाकघर ताईकडे आलं. माझ्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून माताजींनी मलाही एक काम लावून दिलं. नैवेद्य झाला की प्रसादाचं पहिलं ताट आता जिन्याच्या वळणावर येतं. मी घास घ्यायचा आणि जे असेल ते ताईच्या तोंडावर सांगायचं. आज खारट, आज भाजी कच्ची, आज डाळीला खालून लागलंय. ती ऐकते, कधी "हं" म्हणते, कधी "असू दे" म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी तिचा हात त्याप्रमाणे चालतो. वर येणाऱ्या नवीन बायकांना ती माझी ओळख करून देते, "हे आमचं वजनमापं खातं." निवृत्तीनंतर इतकं मानाचं पद मला कुणी दिलं नव्हतं. फ्यूजची पेटी मात्र मी खाली हलवून घेतली.

परवा मी पेपर वाचत जिन्यात बसलो होतो. ताट आलं, ताई वरच्या पायरीवर येऊन बसली. पेपरातून डोकं वर न काढता मी म्हणालो, "छान झालंय."

"आधी खा," ताई म्हणाली. "मग बोल."